सव्वीस एकरांतली पाच रानं (आणि एका वठलेल्या ऐनाचा प्रश्न)

कासारीकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, आजपासून पक्षी सप्ताह सुरू झाला. आज मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारखेला सालिम अलींचा. मधले हे आठ दिवस आपल्याकडं पक्ष्यांसाठी राखलेत. त्या निमित्तानं बरेच दिवस मनात घोळत असलेलं लिहायला बसलोय. शेवटी एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला येत्या दोन-चार दिवसांत हवंय, म्हणून लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा.

आमचं रान पन्हाळ्याच्या पश्चिमेला, कासारीच्या खोऱ्यात आहे. आजोबांपासून सव्वीस एकर एकत्र राहिलंय. वाटण्या झाल्या त्या कागदावर, बांध पडले नाहीत. खाली नदीकडं ऊस आणि भात, मग पाझर तलाव, त्याच्या वर ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना झाडी आणि सगळ्यात वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. खालून वर चालत गेलं तर अर्धा तास लागतो. पण त्या अर्ध्या तासात पाच वेगळ्या गावांतून गेल्यासारखं वाटतं, इतके पक्षी बदलत जातात.

आपल्या जिल्ह्यात पावसाचा उतार किती आहे, हे आपण रोजच्या धबडग्यात विसरतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळकडं त्याच्याही निम्मा. दोन-अडीच तासांच्या गाडीच्या अंतरात सदाहरित जंगल संपून कोरडवाहू माळ सुरू होतो. आमचं रान बरोबर मधल्या पट्ट्यात येतं, त्यामुळं दोन्हीकडचे पाहुणे येतात. ओढ्याकाठी एक उंबर आहे. फळं पिकली की त्याच्यावर माळाकडचा तांबट आणि घाटाकडचा पांढऱ्या गालाचा कुर्टुक एकाच फांदीवर बसलेले मी पाहिलेत. तांबट तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यागत टुक-टुक करत असतो, आणि कुर्टुक 'कुटरू कुटरू' करून सगळं रान भरून टाकतो.

उसात फार काही मिळत नाही असं वाटतं, पण भारद्वाज तिथलाच. मुनिया, वटवट्या आणि तोड सुरू झाली की कोयत्यांच्या मागं मागं बगळे. पाझर तलाव छोटाच आहे, पण त्याची एक कड आम्ही मुद्दाम बांधून घेतली नाही. पाणी आटत जाईल तसा तिथं गाळ उघडा पडतो आणि शेपूट खालीवर हलवत तुतवार फिरायला लागतो. गेल्या आठवड्यात चार हळदीकुंकू बदकं उतरली. ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. नाव ठेवणाऱ्यानं नीट बघून ठेवलंय.

ओढ्यावर मात्र बसायला हवं, चालून उपयोग नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी एका दगडावर बसतो. परवा स्वर्गीय नर्तकाचा नर आला. पांढराशुभ्र, डोकं काळंभोर, शेपटीच्या दोन फिती हातभर लांब. फांदीवरून सरळ डोहात सूर मारायचा, छाती भिजली की परत फांदीवर, अंग झटकायचं, पुन्हा सूर. असं सात वेळा. शेवटी फिती पाण्यानं जड होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या त्यानं चोचीतून एकेक करून सोडवल्या. मी श्वास घ्यायचा विसरलो होतो.

आता सड्याबद्दल. इथं माझ्या हातून एक चूक झालीय, ती सांगायलाच हवी.

नोकरी सोडून गावी आलो त्या वर्षी मला सडा म्हणजे मोकळी, वाया गेलेली जागा वाटायची. जांभ्यावर वीतभरसुद्धा माती नाही, झाड म्हणून नाही. मी उत्साहानं तीनशे रोपं आणली. गिरिपुष्प, करंज, कडुलिंब. पहारीनं जांभा फोडून खड्डे घेतले, खालून ट्रॉलीनं माती चढवली. गावात कौतुक झालं. निम्मी रोपं मेली, गिरिपुष्प तेवढं फोफावलं. दोन वर्षांनी एका सकाळी वर गेलो आणि लक्षात आलं की सडा गप्प झालाय.

त्याआधी तिथं डोंबारी असायचा. चिमणीएवढा चंडोल, नराचं पोट काळं आणि डोक्याचा माथा राखी. हा सरळ आभाळात चढतो, पंख मिटतो आणि दगड टाकल्यासारखा खाली येतो. जमिनीला टेकणार एवढ्यात पंख उघडून परत वर. त्यावरूनच त्याला डोंबारी म्हणतात. त्याचं घरटं मी एकदा पाहिलं होतं. गवताच्या ठोंबाला चिकटून वाटीएवढा खळगा, त्यात दोन मळकट ठिपक्यांची अंडी, आणि खळग्याच्या उघड्या बाजूला बारीक खडे रचलेले. चार पावलांवरून दिसत नव्हतं. अशा पक्ष्याला चहूकडं उघडं रान लागतं. झाड उभं राहिलं की त्यावर कावळा आणि शिक्रा बसतो, आणि जमिनीवरचं घरटं त्यांना वरून दिसतं. पावसाळ्यात त्याच सड्यावर सीतेची आसवं आणि दवबिंदू (दोन्ही किडे खाणारी इवली झाडं) उगवायचे. ट्रॉलीच्या मातीबरोबर घाणेरीचं बी वर गेलं आणि तेही झाकले गेले.

मग आम्ही गिरिपुष्प मुळासकट काढलं. मनाला लागलं, कारण लावलेलं झाड स्वतःच्या हातानं काढायचं म्हणजे सोपं नसतं. तिसऱ्या हिवाळ्यात डोंबारी परत आला. गेल्या जानेवारीत एक भोवत्या सड्यावरून गवताला पोट घासत असल्यासारखा फिरत होता. मध्य आशियाकडून आलेला पक्षी आमच्या सड्यावर उंदीर शोधतोय, हे पाहून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

आता प्रश्न. तलावाच्या वरच्या अंगाला, मोटारीच्या खोलीपासून पंचवीस-तीस फुटांवर एक ऐन आहे. तीन वर्षांपूर्वी वठला. सुसरीच्या पाठीसारखी त्याची साल आता पापुद्रे सुटून पडतेय. उंची चाळीस-पंचेचाळीस फूट, थोडा खोलीच्या बाजूला कललेला. काका म्हणतात, पडायच्या आत तोडून टाकू, जळणही होईल. त्यांचं चुकत नाही, खोलीत माणसं जातात येतात. पण त्या खोडावर मी सोनपाठी सुतार रोज बघतो आणि त्यात खालीवर तीन भोकं आहेत. रविवारी तोडणारा येतोय. काय करू?

---

शाहूपुरीकर | ५ नोव्हेंबर, रात्री १०:५५

दादा, झोपायला निघालो होतो आणि हे वाचत बसलो. स्वर्गीय नर्तकाचं वाचून अंगावर काटा आला.

आम्ही शहरातली माणसं, कळंबा आणि राजाराम तलावावर समाधान मानतो. कळंब्यावर या रविवारी वारकरी भरपूर होते. (नवीन वाचणाऱ्यांसाठी: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी. काही जण चांदवा म्हणतात.) टिबुकल्या नेहमीच्याच. थापट्या अजून दिसला नाही.

ऐनाबद्दल मला कळत नाही, पण तोडू नका एवढंच म्हणावंसं वाटतंय.

---

बांधावरचा | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मी शिरोळ तालुक्यातला. तुमचं लिखाण आवडलं, पण एक गोष्ट पटली नाही. आमच्याकडं मैलभर चाललं तरी सावलीला झाड नाही. बांधावरची बाभूळसुद्धा लोकांनी उसासाठी काढली. अशा वेळी 'माळावर झाडं लावू नका' असं कुणी वाचलं तर आधीच न लावणाऱ्याला कारण मिळेल. झाडाशिवाय पाखरू कुठं बसणार?

---

कासारीकाठ | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

बांधावरचा दादा, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि मी तो नीट मांडायला हवा होता. तुमच्या बांधावर बाभूळ होती, ती गेली. ती परत लावलीच पाहिजे. तिच्यावर सुगरण घरटं बांधते, खाटीक काट्याला टोळ अडकवून ठेवतो. माझ्या सड्यावर मात्र झाड कधी नव्हतंच. तिथं हजारो वर्षं गवत आणि दगडच आहे, आणि त्यावर जगणारे जीव तसेच घडलेत. माझं म्हणणं एवढंच की खड्डा घेण्याआधी त्या जागी आज कोण राहतंय, हे वर्षभर बघावं. मी ते बघितलं नाही.

---

बांधावरचा | ६ नोव्हेंबर, दुपारी १:२०

हे पटलं. आमच्याकडं दोन एकर पडीक आहे, तिथं टिटवी दरवर्षी अंडी घालते. आजी सांगायची, टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की त्या वर्षी पाऊस जास्त. आम्ही तिथं औत फिरवताना तेवढा तुकडा सोडतो. अंड्यांजवळ गेलं की डोक्यावर झेप घेते, पण पोरांना सांगून ठेवलंय, तिला त्रास द्यायचा नाही.

बांधाला बाभूळ आणि बोर लावतो यंदा.

---

नवी_दुर्बीण | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

नमस्कार, मी या विषयात अगदी नवीन. इचलकरंजीला राहते. दोन प्रश्न. दुर्बीण कुठली घ्यावी? दुकानदार वीसपट मोठं दिसणारी दाखवतोय. आणि फोनवर मर्लिन अॅप घेतलंय, आवाज ऐकून नाव सांगतं, त्यावर विश्वास ठेवावा का?

---

माळटिटवी | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४८

ताई, वीसपटीची अजिबात घेऊ नका. जितकं मोठं दिसतं तितका हात हलतो आणि तितकाच तुकडा छोटा दिसतो. पक्षी सापडेपर्यंत उडालेला असतो. ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं असलं की पहाटेच्या कमी उजेडातही स्पष्ट दिसतं. सवय अशी लावा: आधी डोळ्यांनी पक्ष्यावर नजर रोखायची, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची.

अॅप चांगलं आहे, शिकायला मदत होते. पण नाव आलं की पक्षी डोळ्यांनी शोधा, मगच वहीत लिहा. आमच्याकडं दाजीपूरला मी एकदा सर्पगरुडाची शीळ ऐकून अर्धा तास आभाळ बघत बसले. शेवटी समोरच्या झुडपातून भृंगराज बाहेर आला. तोच गरुडाची नक्कल करत होता. शेपटीच्या दोन तारांना टोकाला पानासारखी पिसं असलेला तो पक्षी बघितला आणि सगळा वेळ सार्थकी लागला.

सुरुवात घराच्या गच्चीवरून करा. दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंजीर, शिंपी, कोतवाल. हे पाच इतके ओळखीचे करा की पाठमोरे दिसले तरी कळले पाहिजेत. मग सहावा आपोआप वेगळा दिसतो.

---

नवी_दुर्बीण | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

मनापासून आभार ताई. उद्यापासून गच्चीवर.

---

घाटवाट | ६ नोव्हेंबर, रात्री ८:१२

कासारीकाठ, ऐनाचं सांगतो. मी राधानगरीच्या बाजूला वाढलो, झाडं तोडणाऱ्यांबरोबर लहानपणापासून फिरलोय आणि आता पक्षी बघतो, त्यामुळं दोन्ही बाजू माहीत आहेत.

झाड पूर्ण तोडायची गरज नाही. शेंडा आणि खोलीकडच्या फांद्या उतरवा, खोड पंधरा फुटांवर ठेवा. खोली पंचवीस फुटांवर आहे म्हणता, म्हणजे उद्या ते खोड पडलं तरी खोलीपर्यंत पोचत नाही. काकांची काळजी मिटते आणि सुताराचं घर राहतं. उतरवलेली फांदी सगळी जळणाला नेऊ नका, एक-दोन जाडे ओंडके तिथंच सावलीत पडू द्या. त्यात वाळवी आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या होतात, हुप्या आणि सुतार तिथं जमिनीवर उतरतात.

वठलेल्या झाडाचं मोल माणसाला कळत नाही, कारण ते आपल्याला मेलेलं दिसतं. सुतार जिवंत, टणक लाकडात सहसा भोक पाडत नाही, त्याला कुजायला लागलेलं लाकूड हवं असतं. तो एक-दोन हंगाम राहतो आणि जातो. मग त्याच भोकात मैना, दयाळ, पोपट, पिंगळा असे भाडेकरू येत राहतात. यांपैकी बहुतेकांची चोच लाकूड कोरायच्या कामाची नाही. धनेशाला तर याहून मोठी ढोली लागते. मादी आत जाते, तोंड लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि नर महिनोन्महिने त्या फटीतून फळं भरवतो. म्हणून जुनी, पोकळ झाडं तोडली की धनेश दिसेनासे होतात. उंबर, वड, नांद्रुक कितीही राखले तरी ढोलीशिवाय त्यांचं घर होत नाही.

एक काम मात्र तोडायच्या आधी नक्की करा. दोन संध्याकाळी सूर्य मावळताना खोडापासून लांब बसा आणि प्रत्येक भोकाकडं बघत राहा. घुबड जातीतलं कुणी आत असेल तर तेव्हाच बाहेर येतं. पिंगळ्याचा विणीचा काळ आता सुरू होतो.

---

क्लिक_कोल्हापूर | ७ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

मस्त धागा. दादा, रानाचं नेमकं ठिकाण पाठवाल का? नवरंगाचा फोटो हवाय, तुमच्या ओढ्याला नक्की असणार. आम्ही चौघं येऊ, स्पीकर आणतो, आवाज लावला की लगेच बाहेर येतो.

---

कासारीकाठ | ७ नोव्हेंबर, सकाळी ११:००

भावा, नवरंग आमच्याकडं आहे, पण आता नाही. तो पावसाच्या तोंडावर येतो, झाडीत घरटं करतो आणि पाऊस सरला की दक्षिणेकडं, अगदी श्रीलंकेपर्यंत जातो. आत्ता आलास तर ओढा रिकामाच दिसेल.

आणि ठिकाण मी उघड्यावर लिहिणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. स्पीकरला माझा ठाम नकार आहे. एकटा आलास, स्पीकर न आणता, तर जूनमध्ये मी स्वतः तुला त्या दगडावर बसवीन. पहाटे तो दोन सुरांची शीळ घालतो आणि तास-दोन तास बसलं की पाचोळ्यात उड्या मारत जवळ येतो.

---

माळटिटवी | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:३५

स्पीकरचं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहिते. एका ठिकाणी सात-आठ कॅमेरे लावून सकाळभर नवरंगाचा आवाज वाजवत होते. त्या पक्ष्याला वाटतं की दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय. तो खाणं सोडून येतो, ओरडतो, शोधतो, आणि समोर कुणीच नसतं. दर दहा मिनिटांनी हेच. त्याच्या चोचीत गांडूळ होतं, म्हणजे पिल्लं होती. ते गांडूळ तो टाकून आला. मी त्यांना सांगितलं, कुणी ऐकलं नाही. तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

---

क्लिक_कोल्हापूर | ७ नोव्हेंबर, दुपारी २:१०

हे माहीत नव्हतं. पिल्लं असताना असं होत असेल याचा विचार केला नव्हता. स्पीकर नाही आणणार. जूनमध्ये एकटाच येतो दादा.

---

शाहूपुरीकर | ७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

जूनला मलाही घ्या. एक शंका: एवढ्या पहाटे तुमच्याकडं गव्यांचं काय?

---

कासारीकाठ | ७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

गवे येतात, उसाला सोकावलेत. पहाटे उजाडल्याशिवाय ओढ्यात उतरायचं नाही, हा आमचा नियम. ताजं शेण किंवा चिखलात खूर दिसले तर त्या दिवशी तलावाच्या बांधावरूनच बघायचं. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा. आणि जूनमध्ये जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी खिशात ठेवा.

---

कासारीकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ८:२५

घाटवाट दादा, तुमचं ऐकून शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी काकांना घेऊन बसलो. पहिल्या दिवशी काही नाही. काल सहा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यात खालच्या भोकातून एक गोल डोकं वर आलं. पांढऱ्या भुवया, पिवळे डोळे. आमच्याकडं बघून डोकं खालीवर हलवलं, मग बाहेर येऊन खोबणीच्या कडेला बसलं. मागून दुसरं. पिंगळ्याची जोडी. काकांनी आयुष्यभर पिंगळ्याचा आवाज ऐकलाय, पण घर पहिल्यांदाच पाहिलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यांचं भोक किती उंचावर आहे?"

मोजलं. साडेनऊ-दहा फूट. म्हणजे पंधरा फुटांवर खोड ठेवलं तर ते सुरक्षित.

आज तोडणारा आला. मशीन लावू दिलं नाही, हातकरवतीनं काम केलं. फांद्या दोराला बांधून एकेक खाली घेतल्या. वरची दोन भोकं गेली, ती रिकामीच होती. आत वाळलेलं गवत आणि मैनेची पिसं निघाली. दुपारी काम थांबवलं, उरलेलं उद्या सकाळी. संध्याकाळी लांबून बघितलं, पिंगळे जागेवर आहेत.

---

घाटवाट | ९ नोव्हेंबर, रात्री ९:०२

फार बरं वाटलं. काकांना माझा नमस्कार सांगा. खोडाचा वरचा काप थोडा तिरका घ्यायला सांगा, पाणी साचणार नाही, खोड जास्त वर्षं टिकेल.

---

बांधावरचा | १० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

आमच्या विहिरीवर एक वठलेला कडुलिंब आहे, मागच्या वर्षीच काढायचा होता. राहू देतो. आज सकाळी त्याच्यावर वेड्या राघूंची रांग बसली होती, एक मोजता मोजता अकरा झाले.

---

नवी_दुर्बीण | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

सहा दिवसांत गच्चीवरून एकवीस. दुर्बीण अजून आलेली नाही, हे सगळे डोळ्यांनी. काल थिरथिरा पहिल्यांदा ओळखला, शेपूट सारखं थरथरत होतं. माळटिटवी ताई, शिंपी पाठमोराही कळायला लागलाय.

---

कासारीकाठ | १८ जानेवारी, सकाळी ९:१०

धागा वर काढतोय, कारण सांगायचंच होतं.

खोड पंधरा फुटांवर उभं आहे. पिंगळे आहेत. सड्यावर डोंबारीची चढउतार सुरू झालीय, भोवत्या यंदा अजून आला नाही. तलावाचा गाळ उघडा पडलाय आणि शेकाट्यांची एक जोडी पंधरा दिवस मुक्कामाला आहे.

परवा काकांनी मला मोटारीच्या खोलीकडं हाक मारली. पत्र्यावर लाकडाचा बारीक भुसा पडला होता. खोडाला खोलीच्या बाजूनं एक आखूड फांदी ठेवली होती, तिच्या खालच्या अंगाला तांबट उलटा लटकून कोरत होता. काका म्हणाले, चार दिवस झाले, मी मोटर सुरू करायच्या आधी बघतोय. आज सकाळी गेलो तर तांबटाचं डोकं आणि खांदे आत गेले होते, फक्त हिरवं शेपूट बाहेर हलत होतं.